माणकोलीचा पूल आणि आठ-चौदाची लोकल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवली पश्चिमेचे मोठागाव खाडीपलीकडच्या माणकोली नाक्याशी जोडणारा माणकोलीचा पूल वाहतुकीला खुला झाल्यापासून आमच्या डोंबिवलीत एक सल्ला फुकट मिळू लागला आहे. सोसायटीच्या आवारात, वाण्याच्या दुकानात, अगदी लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी म्हणतेच, की आता लोकलचे हाल कशाला सोसता, गाडी काढा आणि पुलावरून थेट नाशिक महामार्गाला लागा. मी हा सल्ला मानला. मागच्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत जवळजवळ चौदा आठवडे, म्हणजे कामाचे ६६ दिवस, मी डोंबिवली पूर्वेहून बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेरीत स्वतःच्या गाडीने ये-जा केली आणि दिवाळीनंतर पुन्हा लोकलचा पास काढला. हिशेबखात्यात आयुष्य गेल्यामुळे वेळा वहीत लिहून ठेवण्याची सवय आहे. त्या वहीच्या आधारे चार गोष्टी मांडाव्यात, म्हणून हे पत्र.

लोकल सोडण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे, कारण ते वेळेशी किंवा पैशाशी निगडित नव्हते. एकोणतीस वर्षे मी गर्दीच्या वेळी डोंबिवलीच्या फलाटावर उभा राहिलो आहे. कल्याण, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूरहून येणारी फास्ट लोकल आमच्याकडे भरूनच येते, हे मला नवे नाही. परंतु वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, जूनमधल्या एका ओल्या सकाळी, लागोपाठ तीन गाड्या मला डब्यात शिरताच आले नाही. चौथीत दारातल्या एका तरुणाने दंडाला धरून मला आत ओढले, त्या ओढाताणीत चष्मा नाकावरून घसरला आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेला. त्या मुलाचे मी आभार मानले, त्याने 'काका, उद्यापासून रिटर्न मारा' असा सल्ला दिला, आणि दादरपर्यंत मी छातीशी धरलेल्या बॅगेवर हनुवटी टेकवून अंधुक जग पाहत उभा राहिलो. रिटर्न मारणे म्हणजे मुंबईला जायचे असताना आधी उलट दिशेची गाडी धरून कल्याणला जायचे, आणि तीच गाडी मुंबईकडे परतत असेल तर जागा न सोडता बसून राहायचे. पुढे जाण्यासाठी माणसाला रोज मागे जावे लागते, यात काही चमत्कारिक आहे असेही आता आम्हाला वाटेनासे झाले आहे. त्याच संध्याकाळी घरात ठरले, की गाडी काढायची.

गाडीचा पहिला आठवडा सुखाचा गेला, हे मान्य केले पाहिजे. बसायला जागा आहे, ती कोणाला द्यायची नाही, घाम नाही, खांद्यावर कोणाचे कोपर नाही, सकाळच्या बातम्या कानावर पडत आहेत, ही चैन लहान नव्हे. मात्र पूल पश्चिमेला आहे आणि मी पूर्वेला राहतो. त्यामुळे पुलापर्यंत पोचण्याआधी कोपरचा किंवा ठाकुर्लीचा उड्डाणपूल ओलांडून रूळांपलीकडे जावे लागते, आणि मग रेतीबंदर रस्त्याने मोठागावकडे निघाले, की दिवा-वसई मार्गावरचे रेल्वे फाटक आडवे येते. मालगाडी जायची असली, की फाटक पडते आणि मागे रिक्षा, टेम्पो, शाळेच्या बस आणि आमच्यासारखे शहाणे ओळीने उभे राहतात. लोकलला कंटाळून गाडीत बसलेल्या माणसाला दिवसाच्या आरंभीच रेल्वेने थांबवावे, याची मला दुसऱ्या आठवड्यापासून गंमत वाटेनाशी झाली.

पुलावरचा प्रवास काही मिनिटांचा आणि देखणा आहे, खाली उल्हास नदीची खाडी आहे, पावसाळ्यात ती पाहावीशी वाटते. त्यानंतर माणकोली नाका येतो. भिवंडीच्या गोदामांचा सारा पसारा याच पट्ट्यात असल्यामुळे कंटेनर आणि ट्रेलर यांच्यात आमच्या चिमुकल्या गाड्या अडकून पडतात. खारेगाव आणि साकेतचे पूल, माजिवडा, तीन हात नाका, कोपरी, आनंदनगर अशी नावे मी पूर्वी रेडिओवरच्या वाहतुकीच्या बातम्यांत ऐकत असे, आता ती मला क्लचवरच्या डाव्या पायाने पाठ झाली. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत महामार्ग रुंद करण्याचे काम चालू असल्याने कोणत्या दिवशी कोणती मार्गिका बंद असेल, याचा नेम नसे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, त्यामुळे पैसे वाचतात हे खरे, पण नाक्यावरचा खोळंबा गेला तरी ती रांग पुढच्या चौकात जाऊन उभी राहते. पुढे ऐरोलीचा चौक, विक्रोळी, घाटकोपर आणि मग छेडानगरपाशी पूर्व मुक्त मार्ग. सुमारे १७ किलोमीटरचा हा मुक्त मार्ग नावाप्रमाणे मुक्त असतो, तोही ऑरेंज गेटपाशी उतरेपर्यंतच. उतरल्यावर पी. डिमेलो रस्त्यावर सगळे पुन्हा एकमेकांच्या मागे उभे.

आता वहीतले आकडे. गाडीने सकाळचा सर्वांत लहान प्रवास एक तास पंचवीस मिनिटांचा झाला, कारण त्या दिवशी मी सव्वासहालाच निघालो होतो. सर्वांत मोठा तीन तास पाच मिनिटांचा. साडेसात-पावणेआठला निघालो, तर एक तास चाळीस मिनिटे ते दोन तास पस्तीस मिनिटे, यांच्या मध्ये कुठेतरी. संध्याकाळचे प्रवास पावणेदोन तासांच्या खाली कधी आले नाहीत, आणि तीन तासांवर सात वेळा गेले. दिवाळीनंतर लोकलने गेलो ते पहिले ६६ दिवसही मी असेच लिहून ठेवले. घरातून सात पन्नासला निघायचे, पंधरा मिनिटे शेअर रिक्षा, आठ-चौदाची फास्ट, सीएसएमटीला उतरून चौदा मिनिटे चालत कचेरी, असे एक तास पन्नास मिनिटे. ही वेळ बहुतेक दिवशी पाच-दहा मिनिटांच्या आतबाहेर राहिली. पाच दिवस ती दोन तास वीस मिनिटांच्या वर गेली, आणि एकदा ओव्हरहेड वायर तुटल्यामुळे तीन तासही लागले.

दोन्ही वह्यांची सरासरी काढली, तर सकाळचा फरक वीस मिनिटांचासुद्धा नाही, आणि गाडीचे समर्थन करणारे शेजारी याच सरासरीकडे बोट दाखवतात. पण सरासरी पाहून कोणी घरातून निघत नाही. लेटमार्क पडू नये म्हणून निघायचे, तर वाईट दिवस गृहीत धरून निघावे लागते. पावणेदहाच्या हजेरीसाठी लोकलने मी सात पन्नासला निघतो. गाडीने तेवढीच खात्री हवी असेल, तर मला सातच्या आधी निघावे लागे, आणि मग बहुतेक दिवशी कचेरीचे दार उघडण्याआधी मी खाली चहाच्या टपरीवर उभा असे. लोकल मला वेळेची खात्री देते आणि शरीराचे हाल करते, गाडी शरीराला जपते आणि वेळेची खात्री काढून घेते, इतका हा सरळ सौदा आहे. लोकल सोडून गाडी घेणारा माणूस वेगासाठी जात नाही, तो बसायला मिळावे आणि धक्काबुक्कीशिवाय आत शिरता यावे म्हणून जातो. नियोजन करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घेतली आहे, असे मला वाटत नाही, कारण त्यांचे सारे उत्तर वेगाच्या भाषेत येते. आणखी एक उन्नत मार्ग, आणखी एक बोगदा, आणि प्रवास अमुक मिनिटांत, अशी ती भाषा असते.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तुलनाच नाही. जाऊन-येऊन १०४ किलोमीटर, कोंडीत माझी गाडी लिटरला तेरा किलोमीटर देते, म्हणजे दिवसाला आठ लिटर पेट्रोल आणि आठशे रुपयांहून अधिक खर्च. महिन्याच्या २२ दिवसांचे १८ हजार रुपये होतात आणि गाडी उभी करण्याचे पैसे वेगळे. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साडेतीनशे रुपयांच्या आत मिळतो. पहिल्या वर्गाचा किंवा एसीचा पास त्याच्या कित्येक पट महाग असला, तरी पेट्रोलच्या आकड्याच्या जवळपास तो फिरकत नाही. शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन खर्च वाटून घेण्याचा प्रयोग आम्ही केला, तो तीन आठवडे टिकला. सकाळी तिघांचे जमे, पण संध्याकाळी एकाचे साहेब सहाला सोडत आणि दुसऱ्याचे साडेसातपर्यंत सोडत नसत.

एक साधा हिशेब मात्र वाचकांनी स्वतः करून पाहावा. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजार माणसे धरा, प्रत्यक्षात त्याहून अधिकच असतात. ही चार हजार माणसे माझ्यासारखी एकेक गाडी घेऊन निघाली आणि प्रत्येक गाडीला पुढच्या-मागच्या बोटभर अंतरासह केवळ पाच मीटर जागा दिली, तर एका मार्गिकेत वीस किलोमीटरची रांग होते. घाटकोपरपासून सीएसएमटीपर्यंत जेवढे अंतर आहे, जवळपास तेवढी ही रांग, आणि तीसुद्धा जागच्या जागी उभी असलेली. हे झाले एका लोकलचे. तिच्यामागे चार मिनिटांनी दुसरी येते. रस्ते कितीही वाढवले, तरी हे माणसांचे ओझे ते पेलू शकत नाहीत, हे सिद्ध करायला पाहणी अहवालाची गरज नाही, शाळेतला गुणाकार पुरतो. मुंबईची उपनगरी रेल्वे दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी वाहते. त्यांतला शंभरातला एक जरी माझ्यासारखा कंटाळून रस्त्यावर उतरला, तरी पूर्व द्रुतगती महामार्गाचे काय होईल, याची कल्पना करावी.

म्हणून लोकल सोडून गाडीने जाणाऱ्याने 'माझ्यामुळे डब्यात एक माणूस कमी झाला' असे समाधान करून घेऊ नये. मी तसे करून घेत होतो. प्रत्यक्षात डब्यातली माझी दीड वीत जागा सोडून मी रस्त्यावर पाच मीटर जागा अडवली, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या बसमधल्या पन्नास जणांचा वेळ खाल्ला.

तरीही लोकलची स्थिती आहे तशीच ठेवून लोकांना 'गाडी वापरू नका' असा उपदेश करणे हा निर्लज्जपणा ठरेल. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्या वळणावरून मी रोज जातो. ठाणे ते दिव्यादरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्याऐवजी मुंब्रा-कळव्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. या जादा मार्गिकांसाठी आम्ही कित्येक वर्षे वाट पाहिली होती. त्या आल्या, पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत त्यांचे काम रखडलेलेच आहे, त्यामुळे शेवटच्या पंधरा किलोमीटरवर मेल-एक्स्प्रेस आणि फास्ट लोकल यांना त्याच रूळांवर दाटीवाटीने चालावे लागते. अपघातानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. दारे जरूर बंद व्हावीत, पण आत जागा नसताना दार बंद केले, तर दारातली दहा माणसे फलाटावर राहणार, आणि कचेरीची वेळ त्यांच्यासाठी थांबणार नाही. दारांच्या आधी डबे हवेत.

डबे वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग रेल्वेच्या हातात आहे. बारा डब्यांऐवजी पंधरा डब्यांची गाडी धावली, तर रूळ तेच, मोटरमन तोच, वेळापत्रकातली जागा तीच आणि माणसे मात्र सव्वापट जातात. पश्चिम रेल्वेवर अशा गाड्या २००९ पासून आणि मध्य रेल्वेवर २०१२ पासून धावत आहेत. तरीही मध्य रेल्वेच्या रोजच्या फेऱ्यांत त्यांचे प्रमाण भाजीतल्या कोथिंबिरीइतकेच आहे. फलाटांची लांबी वाढवण्याची कामे चालू आहेत, हे मी पाहतो आहे. उन्नत मार्गांच्या कामाला जी घाई दाखवली जाते, ती इथेही दिसावी, एवढेच म्हणणे आहे.

एसी लोकलविषयी माझे मत शेजाऱ्यांना आवडत नाही. ५ मे २०२२ पासून तिचे एकेरी भाडे निम्म्यावर आल्यानंतर ती खरोखर लोकांची गाडी होऊ लागली, आणि माझ्यासारखा चाळिशी-पन्नाशी उलटलेला माणूस कारऐवजी तिच्याकडे वळू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो. बसायला मिळाले नाही, तरी दारात जीव टांगणीला नसतो. परंतु साधी लोकल रद्द करून तिच्या जागी एसी लोकल आणली, की साधा पास काढणाऱ्यांची गर्दी पुढच्या गाडीवर कोसळते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी निदर्शने केली, ती यासाठी होती, आणि रेल्वेला वाढवलेल्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रवाशांचे काही चुकले नव्हते. जादा फेरी म्हणून एसी लोकल आली, तर ती रस्त्यावरच्या गाड्या कमी करील. कोणाची तरी लोकल काढून आली, तर ती भांडणे वाढवील.

एक बाजू रेल्वेच्या हातात नाही, ती आम्हा कचेरीवाल्यांच्या हातात आहे. सगळ्या मुंबईने साडेनऊ ते दहाच्या दरम्यानच हजेरी लावावी, असा कोणता शास्त्रार्थ आहे, हे मला समजलेले नाही. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये खाजगी आणि सरकारी आस्थापनांना वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली आणि स्वतःच्या मुंबई विभागाच्या कार्यालयात तसे करूनही दाखवले. आमच्या कचेरीत त्या विनंतीची चर्चा पाच मिनिटे झाली. वरिष्ठांचे म्हणणे असे, की सगळे एकाच वेळी असले नाहीत, तर बैठका कशा घ्यायच्या. अकराला बैठक ठेवली, तर आठला आलेला आणि साडेदहाला आलेला असे दोघेही हजर असतात, ही गोष्ट मी नम्रपणे सुचवून पाहिली. नियम अजून पावणेदहाचाच आहे. मात्र माझ्या पुरता, वयाकडे पाहून, आठवड्यातून दोन दिवस साडेआठला येऊन लवकर निघण्याची मुभा मिळाली, आणि त्या दोन दिवशी पावणेसातच्या सुमाराच्या लोकलमध्ये मला तिघांच्या बाकावरची चक्क चौथी सीट मिळते. डोंबिवलीत चढून चौथ्या सीटवर अर्धे टेकायला मिळणे म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांना कळणार नाही, पण त्यासाठी १८ हजारांचे पेट्रोल जाळायची गरज मला उरलेली नाही.

राहता राहिला घर आणि स्टेशन यांमधला तुकडा. गाडीकडे वळलेल्या माझ्या ओळखीच्या अनेकांनी लोकलवर राग काढण्याआधी स्टेशनच्या बाहेर हात टेकले होते. शेअर रिक्षाची रांग, फेरीवाल्यांमधून काढायची वाट, दुचाकी ठेवायला जागा नाही, पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी उतरणारी-चढणारी माणसे, एवढे पार केल्यावर फलाट येतो. ज्याच्या घराखाली गाडी उभी आहे, तो पावसात या रांगेकडे एकदा पाहतो आणि किल्ली उचलतो. स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरच्या परिघात नियमित धावणाऱ्या छोट्या बस आणि दुचाक्यांसाठी बहुमजली वाहनतळ, यांना उन्नत मार्गाच्या मानाने खर्च तो कितीसा येणार. छेडानगरपासून ठाण्यापर्यंत मुक्त मार्ग वाढवण्याचे आणि ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगदा खणण्याचे प्रकल्प हाती घेतलेले आहेत. ते पूर्ण झाल्यावर माझी गाडी पी. डिमेलो रस्त्याऐवजी मरीन ड्राइव्हवर अडकेल, आणि मोठागावचे फाटक तेव्हाही बहुधा पडलेलेच असेल.

गाडी मी विकलेली नाही. रविवारी रूळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असला आणि ठाण्याला आईकडे जायचे असले, की ती उपयोगी पडते. सोमवारी मात्र आठ-चौदा असते. संबंधितांपैकी कोणी हे पत्र वाचणार असेल, तर त्याने एखाद्या सोमवारी सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर यावे, आणि सीएसएमटीपर्यंत आमच्याबरोबर उभ्याने यावे, अशी विनंती आहे. दंडाला धरून आत ओढणारा कोणी ना कोणी दारात असतोच.

आपला,
एक पासधारक, डोंबिवली (पूर्व)